किंग जो अंगावर चढवायचा असेल तर आधी गुडघा, मग सोनेरी रंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘अल्ट्रासेव्हन’ या जपानी मालिकेतला किंग जो हा रोबो राक्षस वेशभूषा-स्पर्धेसाठी करायचा आहे. तुमची उंची ५ फूट ७ इंच, हातात १० आठवडे, खर्च १०,००० रुपयांच्या आत. पुठ्ठ्याचा एक नमुना करून झाला. तो गुडघ्यात फाटला, आतून धड काही दिसेना आणि पाच मिनिटांत तुम्ही घामाने निथळलात. आणि एवढं सगळं सांगून शेवटी विचारलंय, सोनेरी स्प्रे कोणता घेऊ?

स्प्रेकडे येऊच, पण तो या यादीत सगळ्यात शेवटी. रंग चुकला तर एका संध्याकाळी पुन्हा मारता येतो, गुडघा चुकला तर अख्खा पाय नव्याने कापावा लागतो. तुमची खरी अडचण अशी आहे, की किंग जो दिसायला हवा अखंड धातूचा ठोकळा आणि त्याच्या पोटात चालायचंय हाडामांसाच्या, वाकणाऱ्या, श्वास घेणाऱ्या माणसाला. कुठे वाकू द्यायचं आणि कुठे अजिबात वाकू द्यायचं नाही, हे एकदा ठरलं की उरतं ते निव्वळ कष्टाचं काम. आणि याचं उत्तर त्या राक्षसाच्या रचनेतच आहे, कारण तो मुळात एक नाहीच. चार अंतराळयानं एकत्र येऊन तो बनतो: डोकं, हातांसकट छाती, पोट-कंबर आणि पाय. म्हणजे जोड कुठे द्यायचे हे मालिकेनेच ठरवून ठेवलेलं आहे. पोशाख त्याच चार तुकड्यांत करा.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख, कारण पुढचे काही निर्णय त्यावर ठरतात. ‘अल्ट्रासेव्हन’ ही त्सुबुराया प्रॉडक्शन्सची मालिका ऑक्टोबर १९६७ ते सप्टेंबर १९६८ या काळात जपानमध्ये दाखवली गेली. किंग जो येतो तो चौदाव्या आणि पंधराव्या, म्हणजे ७ आणि १४ जानेवारी १९६८ च्या जोडभागात. लेखन तेत्सुओ किन्जो यांचं, आराखडा तोरु नारिता यांचा. पृथ्वीवरून सोडलेलं निरीक्षणाचं रॉकेट पेदान ग्रहावरच्यांना आक्रमण वाटतं, ते शास्त्रज्ञांना मारू लागतात आणि त्यांचा हा रोबो कोबे बंदरापर्यंत येऊन धडकतो. मालिकेचा नायक सेव्हन याचं डोक्यावरचं पातं, आय स्लगर, त्याच्यावर आपटून परत येतं. सेव्हनचा एमेरियम किरणही निष्फळ ठरतो. शेवटी त्याला उडवतो तो माणसांनी बनवलेला राइटन आर ३० बॉम्ब. हौशी मंडळींसाठी एक जास्तीची माहिती: या दोन भागांत सेव्हनच्या पोशाखात नेहमीचे कोजी उएनिशी नव्हते, बदली म्हणून एइइची किकुची होते. पुढे १९७१ च्या ‘रिटर्न ऑफ अल्ट्रामॅन’ मालिकेत तेच अल्ट्रामॅनच्या पोशाखात दिसले.

यातून तुमच्या कामाचं काय? एक म्हणजे, या रोबोवर काहीही चालत नाही. तेव्हा सगळे करतात तसे ओरखडे, पोचे, गंजाचे डाग त्याच्यावर काढू नका. फोमच्या चिलखतावर काळ्या रंगाचा हात फिरवून ते ‘जुनं’ करायची आता सवयच झाली आहे. इथे तो हात फिरवलात तर पात्र मेलं. किंग जो भयानक वाटतो तो गुळगुळीत असतो म्हणून. दुसरं, त्याला चेहरा नाही. डोळे नाहीत, तोंड नाही, फक्त डोक्यात आणि छातीत लुकलुकणारे पिवळे दिवे. आपल्याकडे दूरदर्शनमुळे ‘जायंट रोबोट’ सगळ्यांच्या ओळखीचा आहे (तोही जपानमध्ये त्याच ऑक्टोबर १९६७ मध्ये सुरू झाला), त्यामुळे निम्मे परीक्षक तुम्हाला तोच समजतील. पण जायंट रोबोटला इजिप्तच्या पुतळ्यासारखा चेहरा आहे. डोक्यावर चुकून डोळ्यांसारखं काही काढलंत, तर तो गैरसमज तुम्हीच पक्का कराल.

आधी हे ठरवा, की कोणता किंग जो. मी पुढे मूळ १९६८ चा धरून लिहितोय. २००७ च्या मालिकेतला काळा किंग जो करायचा असेल तर काम बरंच माफ करणारं आहे. काळ्यात जोड लपतात आणि उजव्या हाताच्या जागी तोफ असल्याने पंजाचा प्रश्न अर्धा सुटतो. मात्र तोफेचं वजन एका खांद्यावर येतं आणि तासाभरात मान दुखायला लागते. २०२० च्या ‘अल्ट्रामॅन झेड’मधला, पृथ्वीवरच्या पथकाने दुरुस्त करून स्वतःच्या बाजूने वापरलेला, तर वेगळंच प्रकरण आहे. त्यावर बारीकसारीक तपशील इतके आहेत की पहिल्याच पोशाखात आणि १० आठवड्यांत मी तो हाती घ्यायला सांगणार नाही.

मापं खेळण्यावरून घेऊ नका. खेळण्यांत सांधे फिरावेत म्हणून खांदे आणि मांड्या सर्रास बदललेल्या असतात. भागातलं चित्र थांबवून पुढून, बाजूने, मागून असे तीन फोटो घ्या आणि त्यावर पट्टी धरा. पहिलं माप डोक्याची रुंदी. बाकी सगळं ‘डोक्याच्या किती पट’ असं लिहा. याचं कारण व्यवहारी आहे. तुमचं डोकं त्या डोक्यात बसायचंय, त्यामुळे तेच एक माप तुमच्या हातात नसतं. माणसाचं डोकं साधारण १६ सेंमी रुंद धरा. दोन्ही बाजूंना हवेसाठी आणि गादीसाठी मिळून ३-३ सेंमी, फोमची जाडी १-१ सेंमी. झाले २४. आता फोटोत खांदे डोक्याच्या तिप्पट आले, तर तुमचे खांदे ७२ सेंमी हवेत. ते फार वाटतात म्हणून लोक ६० करतात आणि मग तो किंग जो न दिसता मोठ्या डोक्याचं बाळ दिसतो. खांदे वाढवा, डोकं कमी करायच्या नादी लागू नका. फक्त दार मोजून घ्या. घराचं मुख्य दार बहुधा तीन फुटी असतं, पण हॉलच्या कपडे बदलायच्या खोलीचं दार अडीच फुटी असलं तर ७२ सेंमीला दोन्हीकडे जेमतेम एकेक बोट उरतं.

उंचीची काळजी सोडा. मालिकेच्या हिशेबात किंग जो ५५ मीटर आणि सेव्हन ४०, पण पडद्यावरही दोघे पोशाखातली माणसंच होती. तळव्याला ३-४ सेंमी आणि डोक्यावर ८-१० सेंमी वाढवलंत की पुष्कळ झालं. तळवा यापेक्षा जाड केलात तर घोटा मुरगळतो.

आता गुडघा. तुमचा पुठ्ठा का फाटला ते आधी समजून घ्या, नाहीतर फोमही तिथेच फाटेल. पाय वाकतो तेव्हा गुडघ्याच्या पुढची बाजू लांब होते आणि मागची आखूड. दोन्हींतला फरक काढायचा तर पायाची पुढून मागे जाडी गुणिले वाकण्याचा कोन (रेडियनमध्ये, ६० अंश म्हणजे सुमारे १.०५). साध्या चालीत गुडघा सुमारे ६० अंश वाकतो. पोशाखाच्या पायाची जाडी २० सेंमी धरली तर हा फरक तब्बल २१ सेंमी होतो. सरळ नळकांडं करून तुम्ही तो शून्य ठेवला होतात. मग पुढून फाटणार किंवा मागून चुरगळणार, तिसरं काही होऊच शकत नाही.

पण २१ सेंमी सैल सोडायचे तर गुडघ्याला केवढी मोठी फट दिसेल! म्हणून मी नैसर्गिक चाल सोडून द्या म्हणतो. मांडीचं नळकांडं आणि पिंढरीचं नळकांडं वेगवेगळं करा. मागे दोन्हींच्या मध्ये ८ सेंमी मोकळी जागा ठेवा, पाचरीसारखी, कडांकडे निमुळती होत जाणारी. तिथे आतून काळी लायक्रा, म्हणजे ताणलं जाणारं कापड, चिकटवा. पुढे मांडीच्या तुकड्याची कड ५ सेंमी लांब सोडा, ती पिंढरीच्या तुकड्यावरून सरकेल. ८ आणि ५ मिळून १३ सेंमी, म्हणजे जवळपास ३७ अंश. एवढ्यात तुम्ही आखूड, ताठ पावलं टाकत चालता. आणि किंग जो नेमका तसाच चालतो. जी गैरसोय लपवायची धडपड इतर पोशाखांत करावी लागते, ती इथे अभिनय म्हणून खपते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. ३७ अंशांत बसता येत नाही, जिना चढता येत नाही. मंचाला पायऱ्या आहेत की उतार, हे आयोजकांना आधीच विचारा. पायऱ्या असतील तर आडवं वळून, एकेक पाय बाजूने टाकत, मदतनिसाचा खांदा धरून चढायचं. आणि पाठीवर पडू नका. या पोशाखात उताणं पडलेल्या माणसाला दोघांनी धरून उभं करावं लागतं.

पायांचं वजन घोट्यावर टेकू देऊ नका. प्रत्येक पाय सव्वा-दीड किलोचा होतो आणि चालताना खाली घसरत जातो, मग गुडघ्याचा जोड गुडघ्याच्या खाली येतो आणि सगळं गणित बिघडतं. पँटला लावतात तसे रुंद गॅलिस घ्या आणि मांडीचे तुकडे त्यांना २५ मिमीच्या प्लास्टिकच्या बकलने टांगा. पिंढरीचा तुकडा मांडीच्या तुकड्याला आतून दोन इलॅस्टिक पट्ट्यांनी लटकवा. वेल्क्रो वजन पेलायला लावायचीच असेल तर ओढ पट्टीच्या सपाटीला समांतर येईल अशी लावा. वेल्क्रो सरळ ओढीला घट्ट असते, पण सालासारखी कडेने उचकटली की लगेच सुटते. बहुतेकांची खांद्याची पट्टी ऐन कार्यक्रमात सुटते ती यामुळेच.

घेर काढण्यात सगळ्यात जास्त फोम वाया जातो. मांडीचा घेर ५४ सेंमी आहे, तर ‘थोडं सैल’ म्हणून लोक ६० कापतात आणि मग पाय आत जातच नाही. नळकांडं वळलं की फोमची आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, खरं माप राहतं ते जाडीच्या मध्यावर. आत २.५ सेंमी मोकळं आणि १० मिमी फोमचा अर्धा, म्हणजे ०.५, असे ३ सेंमी सगळीकडून वाढले. घेरात ही वाढ ३ गुणिले ६.२८, जवळजवळ १९ सेंमी होते. कापायचं माप ७३ सेंमी. हा एक हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दंड, पिंढरी, छाती, सगळीकडे लागतो.

फोम ईव्हीएचा घ्या, चपलेच्या सोलला वापरतात तो. चप्पल-बुटांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात तो शीटवर मिळतो. हस्तकलेच्या दुकानातले छोटे रंगीत तुकडे महाग पडतात आणि मऊही असतात. बोटाने जोरात दाबून बघा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. घनता घनमीटरला १०० किलोच्या आसपास असली तर १० मिमी जाडीचा एक चौरस मीटर बरोबर एक किलो भरतो, म्हणून वजनाचा अंदाज सोपा आहे. तुमच्या मापाला १० मिमीचा सुमारे ४ चौरस मीटर आणि वरच्या पट्ट्या-कंगोऱ्यांसाठी ५ मिमीचा २ चौरस मीटर धरा. झाले ५ किलो. चिकट, रंग, पट्टे, दिवे मिळून आणखी दोन. ७ किलो ठीक. ८ च्या वर जात असेल तर पोट आणि पाठ आतून पोकळ आहेत का ते तपासा, बहुधा कुणीतरी तिथे दुहेरी थर दिलेला असतो. खांद्यांना आतून आधार म्हणून थर्माकोल घालायचा मोह होईल. नको. स्प्रेमधल्या आणि चिकटातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो आणि रंग सुकल्यावर खांदा बसलेला दिसतो.

नमुना आधी पुठ्ठ्यावर पूर्ण करा, तुमचा पहिला पुठ्ठा वाया गेलेला नाही, त्यावरच सुधारा. फोम कापताना ब्लेड उभं धरा आणि दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा. कड खडबडीत येऊ लागली की लगेच ब्लेड बदला. काटकोनात जोडायच्या कडा ४५ अंशांत तिरक्या कापा. पाय अष्टकोनी नळीचा केलात तर प्रत्येक कड साडेबावीस अंशांत. चिकट म्हणून फेविकॉल एसआरसारखा रबरी चिकट, दोन्ही कडांना पातळ थर, मग १०-१५ मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचं आणि जोरात दाबायचं. ओला असताना जोडला की जोड धरत नाही, ही घाई सगळ्यांकडून होते. आणि एकदा टेकला की सरकवता येत नाही, म्हणून दर १० सेंमीवर दोन्ही तुकड्यांवर पेनाने खुणा करून घ्या. खिडक्या उघड्या, आसपास गॅस-काडी नको.

अंगावरच्या आडव्या रेषा वेगळ्या पट्ट्या लावून करू नका, वजन वाढतं. २-३ मिमी खोल चीर द्या आणि तिच्यावरून हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवा, चीर आपोआप उघडून स्वच्छ खाच तयार होते. मग हीच हीट गन सगळ्या पृष्ठभागावर भराभर फिरवा. फोमवर हलकी चमक आली की छिद्रं मिटली. एका जागी रेंगाळलात तर फोम आकसतो आणि दोन पायांची लांबी वेगळी होते.

डोक्याकडे मी जास्त वेळ देतो, कारण धोका तिथे आहे. बघायची झिरी काळ्या पट्टीमागे लपवा, वर खिडकीला लावतात ती काळी फायबरची जाळी. बाहेर उजेड आणि आत अंधार असेल तोवर बाहेरच्याला आतलं दिसत नाही. पण दिवा आत उघडा बसवलात तर तुमचा चेहरा उजळतो आणि जाळीमागे नाक-डोळे स्पष्ट दिसतात. म्हणून प्रत्येक दिव्याच्या मागे आतून काळा रंगवलेला फोमचा छोटा डबा हवा. झिरी डोळ्यांच्या जितकी जवळ तितकं बरं. अडीच सेंमी उंचीची झिरी डोळ्यांपासून ५ सेंमीवर असेल तर वर-खाली सुमारे २८ अंश दिसतं, तीच १२ सेंमीवर गेली की जेमतेम १२ अंश. तुम्हाला काही दिसेना त्याचं कारण बहुधा हेच, झिरी लहान नव्हती, लांब होती. आत जुन्या हेल्मेटची गादी किंवा बांधकामावरच्या हेल्मेटचा आतला पट्टा बसवा, म्हणजे डोकं तुमच्या मानेबरोबर फिरेल आणि झिरी जागेवर राहील. हनुवटीखाली दुसरी झिरी ठेवा, फक्त जमीन बघायला.

हवेसाठी ५ व्होल्टचे दोन छोटे पंखे. एक हनुवटीजवळ, बाहेरची हवा आत घेऊन जाळीवरून वर फेकणारा. दुसरा डोक्याच्या मागे वरच्या बाजूला, गरम हवा बाहेर काढणारा. दोन्ही आत फुंकणारे लावलेत तर तीच वाफ आत घुमत राहते.

दिव्यांसाठी १२ पिवळे ५ मिमी एलईडी पुरतात. अर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाच्या एका पायाला एक, प्रत्येकाला ३३० ओहमचा रेझिस्टर. एकेक ९ मिलिॲम्पिअर घेतो, बाराही पेटले तरी ११० च्या आत, नॅनोला झेपतं. इथे फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. पॉवर बँकेला वाटतं मोबाइल भरून झाला, म्हणून कमी वीज खेचली जात असली की ती अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होते. घरी सगळं चालतं, मंचावर दिवे जातात. पंखे त्याच पॉवर बँकेवर जोडा. ते सतत दोन-तीनशे मिलिॲम्पिअर खेचतात, मग ती झोपत नाही. ५,००० मिलिॲम्पिअर-तासांची साधी बँक पाच-सहा तास आरामात चालेल. मोठी घेऊन पाठीवर ओझं वाढवू नका. दिवे एका तालात लुकलुकवू नका, गणपतीच्या माळेसारखं दिसतं. बारापैकी कोणतेही चार-पाच, अनियमित वेळाने, ०.१ ते ०.४ सेकंद.

पंजे शेवटी करा आणि एक अट पाळा: डावा हात नाकापर्यंत पोहोचला पाहिजे आणि डोकं मदतीशिवाय, एका हाताने, काढता आलं पाहिजे. त्यासाठी डोकं छातीच्या तुकड्यावर नुसतं टेकवा, चारी बाजूंना चुंबकांच्या जोड्या. स्क्रू नको, मागे बंद होणारं बकल नको. डावा पंजा मनगटाला नुसता अडकवलेला ठेवा, झटकला की पडला पाहिजे.

आता तुमचा रंग. हीट गनने छिद्रं बंद केलेल्या फोमवर आधी पांढरा फेविकॉल दोन भाग आणि पाणी एक भाग असे चार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकवून. हे टाळलंत तर फोम सोनेरी रंग पिऊन टाकतो आणि महागातला स्प्रेही मळका दिसतो. त्यावर मॅट काळा, ॲक्रिलिकचा. मग सोनेरी स्प्रे २०-२५ सेंमीवरून, तीन पातळ फेऱ्या, मध्ये १५ मिनिटं. छटा दागिन्यांसारखी पिवळीधमक नको, फिकट पितळेकडे झुकणारी घ्या. कंपनी कोणतीही चालेल, पण ‘क्रोम’ लिहिलेला डबा टाळा. तो हाताला निघतो आणि निघू नये म्हणून वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला तर करडा पडतो. कोणताही क्लिअर आधी टाकाऊ तुकड्यावर मारून एक दिवस ठेवून बघा. गुडघा, कोपर, काख या वाकणाऱ्या कडांवर स्प्रे तडकतो, तिथे ब्रशने ॲक्रिलिक सोनेरी. आणि पावसाळी दमट हवेत स्प्रे मारलात तर वर पांढरट झाक येते. दुपारची कोरडी वेळ बघा.

वेळेचा हिशेब: पहिले दोन आठवडे पुठ्ठा, पुढचे चार फोम, एक दिव्यांना, एक रंगाला. उरलेले दोन मोकळे ठेवा, ते घालून चालण्यात आणि दुरुस्तीत जातात. खर्च तुमच्या गावात काय मिळतं यावर आहे. हीट गन उसनी मिळाली तर १०,००० च्या आत बसायला हरकत नाही, विकत घ्यावी लागली तर ओढाताण होईल.

सराव किमान तीन वेळा, पूर्ण पोशाखात. एका वेळी २० मिनिटं, मग डोकं काढून पाणी, शक्य तर ओआरएस. चक्कर, मळमळ किंवा अचानक घाम थांबल्यासारखं वाटलं तर सगळं उतरवायचं, मंच राहिला तरी चालेल. हालचालीत एकच पथ्य: मान आणि धड एकदम फिरवू नका. आधी थांबा, मग डोकं, मग धड, मग पाऊल. प्रेक्षकाला हात हलवून दाखवू नका, चेहरा नसलेल्या यंत्राने टाटा केला की सगळी भीती जाते. आवाज हवाच असेल तर पोटाच्या तुकड्यात छोटा स्पीकर ठेवा आणि मिक्सर किंवा टेबल-फॅनचा आवाज हळू गतीने वाजवून स्वतःच एक घरघर तयार करा.

चढवायचा क्रम पाय, कंबर, छाती, डोकं. उतरवायचा उलटा. मदतनीस एकच ठेवा आणि सरावालाही तोच, कारण कोणतं बकल कुठे आहे हे त्याच्या हाताला माहीत असावं लागतं, तुम्हाला तर खाली वाकून बघता येणार नाही. नेताना चार तुकडे चार चादरींत बांधा, ७२ सेंमीची छाती रिक्षात आडवी मावते, उभी नाही. डोकं मांडीवर घ्या. त्यावरच्या टोकांवर काही ठेवलं तर फोम वाकतो आणि हीट गन हॉलमध्ये कुणाकडे नसते.